दुबईला नोकरीसाठी निघताय? कागदपत्रांचं सगळं, पहिल्यापासून

दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडनं कुणाचा तरी फोन येतो, "दादा, दुबईचं काम झालंय, ऑफर आली, आता काय काय लागतं?" आणि मी दर वेळी तेच अर्धा तास बोलतो, आणि तरी महिन्याभराने तोच माणूस विमानतळावरनं फोन करतो की इथे अडवलंय. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. मी चिपळूणचा, अकरा वर्षं झाली इकडे येऊन, आधी दुबईतल्या देरा भागात बेडस्पेसमधे, म्हणजे एका खोलीतली नुसती खाट भाड्याने घेऊन, आता शारजात कुटुंबासकट. मी एजंट नाही, वकीलही नाही. स्वतःचे, बायकोचे, पोराचे आणि नात्यातल्या पाच-सहा जणांचे कागद करताना जे खाल्लंय तेवढंच सांगतोय. हे सगळं प्रायव्हेट कंपनीतल्या साध्या नोकरीचं आहे, दोन वर्षांचा एम्प्लॉयमेंट व्हिसा असतो तो. गोल्डन व्हिसावाल्यांनी पुढे जावं, त्यांना माझी गरज नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. एमिरेट्स आयडी (यूएईचं ओळखपत्र) एंट्री परमिटवर (आत शिरायची परवानगी), एंट्री परमिट पासपोर्टवर, बायकोचा व्हिसा लग्नाच्या दाखल्यावर. खालच्या कागदात एक अक्षर चुकलं की वरचे सगळे चुकत जातात आणि दुबईला गेल्यावर ते दुरुस्त करायला परत भारतातच यावं लागतं. त्यामुळे घाई व्हिसाची करू नका, घाई घरातल्या फायलीची करा.

आधी नाव बघा, मग बाकी

आपल्या मराठी नावांची भानगड तिकडच्या लोकांना कळत नाही. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर गिव्हन नेममधे स्वतःचं आणि वडिलांचं, सरनेममधे आडनाव. आधारवर कधी वडिलांचं नाव आहे कधी नाही. क्रम वेगळा असला तर सहसा कुणी काही म्हणत नाही, पण स्पेलिंग वेगळं असलं तर म्हणतात. मार्कशीटवर वडील 'रमेशराव' आणि पासपोर्टवर नुसते 'रमेश', किंवा सावंतला एका कागदावर डब्ल्यू आणि दुसऱ्यावर व्ही, दीपकला कुठे डबल ई तर कुठे आय. आपल्याला वाटतं एवढ्याने काय होतंय. एवढ्यानेच होतं.

तर एक संध्याकाळ काढा, पासपोर्ट, दहावी, डिग्री, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पॅन, आधार सगळं जमिनीवर पसरा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवा. जन्मतारीखसुद्धा. जिथे फरक आहे तिथे दुरुस्ती करायची ती पासपोर्टला प्रमाण धरून की मार्कशीटला, हे ठरवा. माझ्या मते पासपोर्ट अजून काढायचा असेल तर मार्कशीटला धरून काढा, कारण बोर्डाकडनं जुनी मार्कशीट दुरुस्त करून घेणं म्हणजे चपला झिजवणं. नाव खरंच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या, आपण ज्याला गॅझेट म्हणतो ते, अर्ज ऑनलाइन होतो आणि ती प्रत पुढे दहा ठिकाणी कामाला येते.

अजून एक. पासपोर्टवर सरनेमची जागा रिकामी असेल, म्हणजे सगळं नाव एकाच रकान्यात एका शब्दाचं, तर नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणं आणि आत सोडणं बंद केलंय. आपल्याकडे पुरुषांचं असं कमी असतं पण लहान मुलांचे आणि म्हाताऱ्या बायकांचे पासपोर्ट असे निघालेले मी बघितलेत. तो आधी बदलून घ्या, तिकीट नंतर.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवी. पण नियम सहा महिन्यांचा आहे म्हणून आठ महिने उरलेला पासपोर्ट घेऊन जाऊ नका, नवीन काढूनच जा, नाहीतर तिकडे पोचल्या पोचल्या रिन्यूवल आणि मग नवा पासपोर्ट नंबर व्हिसाला जोडणं, दोन्ही मागे लागतं.

ईसीआर म्हणजे काय आणि तुमचा आहे का

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि विमानतळावर कळतं. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजेच ईसीआर, असं छापलेलं असतं. काहीच छापलेलं नसेल तर तुम्ही ईसीएनआर, म्हणजे हा चेक न लागणारे, पूर्वीसारखा वेगळा शिक्का आता नसतो, रिकामं म्हणजेच मोकळं. ईसीआर पासपोर्टवर यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन अशा १८ देशांत नोकरीला जायचं तर १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडनं क्लिअरन्स लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरनं होतो. फिरायला जायला लागत नाही, नोकरीला जायला लागतो.

तुम्ही दहावी पास आहात पण पासपोर्ट काढताना मार्कशीट जोडली नव्हती म्हणून ईसीआर आलाय, असं असेल तर रि-इश्यूला टाकून ते काढून घ्या. महिनाभर आधी करा. आमच्या गावातल्या एकाने "एजंट सांभाळून घेईल" म्हणून तसाच नेला आणि मुंबई विमानतळावरनं परत आला, तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

ईसीआरवाल्यांना क्लिअरन्ससोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं कव्हर. सक्ती नसती तरी मी म्हटलं असतं काढा, एवढ्यात दोन वडापाव-चहाचे बिल होतं.

एजंट असेल तर

रिक्रूटिंग एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं आणि त्याचा नंबर ई-मायग्रेटवर कुणालाही तपासता येतो. लायसन्स असलेला एजंटसुद्धा कामगाराकडनं सर्व्हिस चार्ज म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याच्या वर घेऊ शकत नाही, आणि जे घेईल त्याची पावती द्यायला हवी. सव्वा लाख, दीड लाख मागणारे आहेत, गावातलाच ओळखीचा माणूस मधे असतो, "व्हिसाचे पैसे भरायचेत" म्हणतो. यूएईच्या कायद्याने व्हिसाचा, परमिटचा, मेडिकलचा खर्च कंपनीने करायचा असतो, कामगाराकडनं घेता येत नाही. म्हणजे तो पैसा नक्की कुणाच्या खिशात चाललाय ते तुम्हीच समजून घ्या.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "आत्ता व्हिजिटवर चल, तिकडे गेल्यावर बदलून देऊ." व्हिजिटवर येऊन नोकरी शोधणं, मिळाल्यावर कंपनीने इथेच स्टेटस चेंज, म्हणजे व्हिजिटचा नोकरीचा व्हिसा, करून देणं, हे होतं, कायदेशीर आहे, हजारो लोक करतात. पण व्हिजिटवर *काम* करणं बेकायदेशीर आहे, एक दिवससुद्धा. २०२४ मधे कायदा कडक केला, परमिटशिवाय माणूस ठेवणाऱ्या कंपनीला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. कंपनी दंड भरते किंवा पळून जाते, पण तुम्ही अडकता, पगाराची तक्रार कुठे करणार, तुम्ही कागदावर कामगारच नाही. ईसीआर असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये, भारताकडनं क्लिअरन्स नाही म्हणजे मागे उभं राहायला कुणीच नाही.

ऑफर लेटर वाचा, शेवटपर्यंत वाचा

कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र वेगळं आणि यूएईच्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर वेगळं. दुसरं खरं. ते ठरावीक नमुन्यात असतं, अरबी आणि इंग्रजीत, आणि सोबत हिंदीतही मिळू शकतं, मागून घ्या. त्यावर तुमची सही झाली की नंतरच्या करारात त्याहून कमी काही घालता येत नाही. त्यावर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकला की खरं-खोटं कळतं.

बघायचं काय? एक, पदनाम. व्हिसावर जे पद येतं तेच पुढे तुमच्या मागे लागतं. अकाउंटंट म्हणून घेतायत आणि व्हिसा क्लार्कचा काढतायत असं होतं, कधी डिग्री अटेस्ट, म्हणजे सरकारी शिक्के मारून प्रमाणित, नसल्यामुळे, कधी कंपनीच्या सोयीसाठी. दोन, बेसिक पगार. एकूण ५,००० दिरहम असतील आणि त्यात बेसिक १,५०० ठेवलं असेल तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, १,५०० वरच निघते, पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक, पुढे ३० दिवसांचा. लोक एकूण आकडा बघून खूश होतात, मीपण झालो होतो. तीन, प्रोबेशन, जास्तीत जास्त सहा महिने. प्रोबेशनमधे इथल्याच दुसऱ्या कंपनीत जायचं तर एक महिन्याची नोटीस, देश सोडायचा तर १४ दिवसांची. चार, राहायची सोय आणि वर्षातनं तिकीट कोण देणार, ते लिहून आलंय का. तोंडी काही धरू नका.

अटेस्टेशन, म्हणजे खरी डोकेदुखी

डिग्री लागणारं पद असेल, किंवा कुटुंब न्यायचं असेल, तर कागद अटेस्ट करावे लागतात. इथे लोक अपोस्टिल आणि अटेस्टेशन यात गोंधळ करतात. अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, ओमान, बहारीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदीसुद्धा त्यात आहेत, पण यूएई नाही. त्यामुळे दुबईसाठी कुणी अपोस्टिल करून देत असेल तर तो कागद इथे चालत नाही, पैसे वाया. यूएईला पूर्ण साखळी लागते, आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची एम्बसी किंवा मुंबईतलं कॉन्सुलेट, आणि शेवटी यूएईत आल्यावर तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्याला आपण सगळे मोफा म्हणतो, तो खासगी कागदाला १५० दिरहम.

शिक्षणाचे कागद आणि घरचे कागद म्हणजे जन्म-लग्न, यांची राज्य पातळीवरची वाट वेगळी आहे. दोन्ही मुंबईतनं होतात. परराष्ट्र मंत्रालय थेट माणसाकडनं कागद घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात, त्यामुळे इथे एजन्सीशिवाय गत्यंतर नाही. तीन ठिकाणी रेट विचारा, फरक बघून चाट पडाल. आणि कुठले कुठले शिक्के लागणार, किती दिवसांत, ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आता इथले छोटे छोटे खड्डे सांगतो, कारण माणसं मोठ्या गोष्टीत नाही, यातच पडतात.

डिग्री लॅमिनेट केली असेल तर अडचण आहे. शिक्के आणि स्टिकर मूळ कागदाच्या पाठीमागे लागतात, प्लॅस्टिकवर नाही. लॅमिनेशन काढायला गेलं की कागद फाटतो, मग विद्यापीठाकडनं डुप्लिकेट. आपल्या आईवडिलांनी प्रेमाने केलेलं असतं ते, काय बोलणार. पण धाकट्या भावंडांना आत्ताच सांगून ठेवा.

लग्नाचा दाखला म्हणजे सरकारी विवाह नोंदणीचा दाखला, महापालिकेचा, नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका, भटजींनी दिलेलं प्रमाणपत्र यातलं काही चालत नाही. जुना हाताने लिहिलेला असेल तर नवीन कॉम्प्युटरवरचा मराठी-इंग्रजी असा काढून घ्या, सही-शिक्का स्पष्ट हवा.

मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी आहे का ते बघा. हॉस्पिटलमधनं नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे आपल्याकडे निम्म्या दाखल्यांवर फक्त आईबापाची नावं असतात. नाव घालून घ्यायची सोय आहे, जिथे जन्म नोंदलाय तिथेच अर्ज करायचा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठीसुद्धा जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

आणि बायकोचं नाव. माझं इथेच अडकलं. लग्नानंतर हौसेने हिचं नाव बदललं, आडनाव तर बदललंच, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पहिलं नावही बदललं. पासपोर्ट नव्या नावाचा काढला. लग्नाच्या दाखल्यावर मात्र माहेरचं नाव. मी सगळे शिक्के मारून, अरबी भाषांतर करून टायपिंग सेंटरला, म्हणजे व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, गेलो आणि काउंटरवरच्या मल्याळी बाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "भाईसाब, ये दो अलग लेडीज है क्या?" गॅझेट काढलेलं होतं पण ते अटेस्ट केलेलं नव्हतं. परत गावाला पाठवलं, परत साखळी, चार महिने गेले, पोरगा तेवढ्यात चालायला लागला. तर मुलींना माझं स्पष्ट मत, परदेशी जायची थोडीजरी शक्यता असेल तर लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलू नका. बदलायची कायद्याने काही सक्ती नाही. घरात कुणी काही म्हणालं तर व्हिसाचं कारण सांगा, ते पटतं सगळ्यांना.

एंट्री परमिट आलं, आता निघायचं

याला जुनी मंडळी पिंक व्हिसा म्हणतात, आता पीडीएफ येते. आल्या आल्या नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, पद तपासा. दुबईचं परमिट दुबईच्या इमिग्रेशनकडचं, जीडीआरएफए, आणि बाकी सहा अमिरातींचं फेडरल खात्याचं, आयसीपी. दोघांच्या साइट वेगळ्या, त्यामुळे एका साइटवर सापडलं नाही म्हणून लगेच घाबरू नका, दुसरीवर बघा. दोन्हीकडे नसेल तर मात्र घाबरा. मुदत ६० दिवस, तेवढ्यात आत शिरायचं.

विमानात हातातल्या बॅगेत हे ठेवा, चेक-इनमधे नाही: पासपोर्ट, परमिटच्या दोन प्रिंट, मंत्रालयाचं ऑफर लेटर, अटेस्ट केलेले मूळ कागद, पांढऱ्या पार्श्वभूमीचे दहा-बारा फोटो, कंपनीच्या माणसाचा नंबर कागदावर लिहिलेला. फोनमधे नंबर असून उपयोग नाही, उतरल्यावर सिम नसतं आणि बॅटरी गेलेली असते. सगळ्याचे स्कॅन स्वतःला ईमेल करा आणि घरी एकाकडे ठेवा.

आणि सामान भरताना आईला सांगा, खसखस नको. अनारशाला लावलेलीसुद्धा नको. यूएईत खसखस अमली पदार्थात धरतात, थेट केस होते. औषधांचंही तसंच, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं, झोपेच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं यांना तिकडच्या आरोग्य खात्याची आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवायची. साधी खोकल्याची बाटलीसुद्धा उलटी करून त्यात काय आहे ते वाचा.

उतरल्यावर क्रमाने काय होतं

हे सगळं कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं सांभाळणारा माणूस, करतो, इथे त्याला मंदूब पण म्हणतात. तुमचं काम त्याच्या मागे लागणं. भांडू नका पण दर दोन दिवसांनी विचारा, कारण त्याच्याकडे तुमच्यासारखे चाळीस असतात.

पहिलं मेडिकल. रक्त तपासणी आणि छातीचा एक्स-रे. एचआयव्ही आणि टीबी यावर सगळा भर. काही कामांना, म्हणजे घरकाम, सलून, पाळणाघर अशांना हेपॅटायटिस बी वगैरे जास्तीच्या तपासण्या असतात. लहानपणी टीबी होऊन गेला असेल, छातीवर डाग असेल, तर एक्स-रेमधे दिसतो आणि मग पुढच्या तपासण्यांना बोलावतात. माझा सल्ला, निघायच्या आधी गावातच एक एक्स-रे काढून बघा, दोन-चारशे रुपयांचं काम आहे. काही दिसलं तर छातीच्या डॉक्टरला दाखवून जुने उपचाराचे कागद सोबत ठेवा. नोकरी सोडून, कर्ज काढून इकडे येऊन मग कळण्यापेक्षा बरं.

दुसरं एमिरेट्स आयडीचा फॉर्म आणि बोटांचे ठसे. आयडीचा नंबर १५ आकडी, ७८४ ने सुरू होतो, पुढे तुमचं जन्मवर्ष. हा नंबर पाठ करा, बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे हाच विचारतात. इथे एक अडचण येऊ शकते, तुम्ही पूर्वी कधी जुन्या पासपोर्टवर येऊन गेला असाल तर सिस्टिममधे तुमचे दोन युनिफाइड नंबर (इमिग्रेशन प्रत्येक माणसाला एकच देतं तो नंबर) निघतात आणि अर्ज अडकतो. पीआरओला आधीच सांगा की मी आधी येऊन गेलोय, जुन्या पासपोर्टची कॉपी द्या, दोन्ही नंबर मर्ज करून घेता येतात.

तिसरं करार आणि वर्क परमिट. कराराची प्रत घ्या, ऑफर लेटरशी ताडून बघा. पगार बँकेतनं डब्ल्यूपीएस या सरकारच्या पगार-यंत्रणेमार्फतच यायला हवा, हातात रोख देतो म्हणाले तर पुरावा राहत नाही.

चौथं रेसिडेन्सी, म्हणजे इथे राहायचा परवाना. २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, एमिरेट्स आयडी हाच रेसिडेन्सीचा पुरावा. लोक अजून "स्टॅम्पिंग झालं का" असंच विचारतात, सवय. पण गावाला जाताना-येताना रेसिडेन्सीची पीडीएफ प्रिंट जवळ ठेवा, भारतातल्या काउंटरवर कधी कधी मागतात.

पासपोर्ट कंपनी ठेवून घेते का? प्रक्रियेसाठी चार दिवस मागतील, ते ठीक. त्यानंतर परत मागा. पासपोर्ट अडकवून ठेवणं इथल्या कायद्याने मना आहे, "कंपनीची पॉलिसी आहे" याला काही अर्थ नाही.

पाचवं, आणि हे तुमचं तुम्हालाच करायचंय, नोकरी जाण्याचा विमा, आयएलओई. जानेवारी २०२३ पासून सक्तीचा. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम, वर असेल तर १०. नाही काढला तर ४०० दिरहम दंड, आणि हा दंड पुढचं परमिट करताना आडवा येतो. पाच दिरहमसाठी चारशे भरणारे मी डझनभर बघितलेत. हेल्थ इन्शुरन्स कंपनीने द्यायचा असतो, दुबई-अबूधाबीत आधीपासून होताच, १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान वगैरे बाकीच्या ठिकाणीही व्हिसासाठी सक्तीचा झालाय.

घर घेतलंत तर करार रजिस्टर करा, दुबईत त्याला इजारी म्हणतात. बेडस्पेसमधे हे कुणी करत नाही, पण कुटुंब आणायचं तर त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

कुटुंब आणायचं असेल

पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर. हा कायद्याचा आकडा. चार हजारात इथे कुटुंब कसं चालतं ते विचारू नका, भाड्यातच जातात.

कागद: अटेस्ट केलेला लग्नाचा दाखला, मोफाचा शिक्का, त्याचं मान्यताप्राप्त लीगल ट्रान्सलेटरकडनं अरबी भाषांतर, मुलांचे अटेस्टेड जन्मदाखले, तुमचा करार किंवा पगारपत्र, घराचा रजिस्टर्ड करार. भाषांतर शिक्के पूर्ण झाल्यावरच करा, आधी केलं तर शिक्क्यांचा मजकूर त्यात येत नाही आणि पुन्हा करायला लावतात. अरबी भाषांतरात नावाचा उच्चार नीट लिहिलाय का ते कुणा अरबी वाचणाऱ्याकडनं बघून घ्या. आपला ळ आणि च त्यांच्याकडे नाही, त्यामुळे चिपळूणकर वगैरेंचं काय होतं ते बघण्यासारखं असतं, पण पुढच्या सगळ्या कागदांवर तेच एक रूप राहू द्या. बायकोला १८ वर्षांवरच्या सगळ्यांसारखं मेडिकल करावं लागतं, मुलांना नाही. मुलगा अविवाहित असेल तर २५ वर्षांपर्यंत तुमच्या व्हिसावर राहू शकतो, अविवाहित मुलीला वयाची अट नाही.

बाळ इथेच झालं तर १२० दिवसांत त्याची रेसिडेन्सी व्हायला हवी, त्याआधी इथला जन्मदाखला आणि भारतीय पासपोर्ट. आणि एक वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमधे जन्मनोंदणी, नाहीतर नागरिकत्वासाठी दिल्लीची खास परवानगी लागते. बाळंतपणाच्या गडबडीत हे राहतं, त्यामुळे फॉर्म सातव्या महिन्यातच भरून ठेवायला घ्या, नुसतं नाव आणि तारीख बाकी ठेवून. आणि नाव घालताना मी वर लिहिलंय ते परत वाचा.

मुदती आणि नोकरी सोडताना

आयडीची मुदत संपल्यावर ३० दिवसांत रिन्यू केला नाही तर रोज २० दिरहम, १,००० पर्यंत. व्हिसा संपून राहिलात तर रोज ५० दिरहम. सलग सहा महिने यूएईबाहेर राहिलात तर रेसिडेन्सी आपोआप रद्द होते. आईवडिलांच्या आजारपणात गावाला गेलेल्यांचं असं होतं, कारणाचे कागद जोडून परत शिरायची परवानगी मागता येते, म्हणून हॉस्पिटलचे कागद फेकू नका.

नोकरी सोडताना व्हिसा कॅन्सल झाल्याशिवाय नुसतं विमानात बसून निघून येऊ नका. कंपनी 'पळून गेला' अशी तक्रार टाकू शकते, आणि दोन वर्षांनी तुम्ही कतारला किंवा परत दुबईला जायला निघालात की ते समोर येतं. कॅन्सलेशनच्या कागदावर "सगळी देणी मिळाली" असं लिहिलेलं असतं, त्यावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करायची नाही. कायद्याने शेवटच्या दिवसापासून १४ दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. कॅन्सल झाल्यावर किती दिवस राहता येतं ते व्हिसाच्या प्रकारावर आहे, तारीख त्याच कागदावर छापलेली असते, ती बघा, रूममेटने सांगितलेले दिवस मोजू नका.

पगार अडला, पासपोर्ट देत नाहीत, मारहाण, असलं काही झालं तर आधी इथल्या कामगार मंत्रालयात ऑनलाइन तक्रार टाका, आणि भारतीय कॉन्सुलेटचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री ८०० ४६३४२. हिंदीत बोलतात, मी दोनदा दुसऱ्यांसाठी लावलाय, दोन्ही वेळा उचलला. फोन करताना करार, आयडी आणि पगाराच्या नोंदी समोर घेऊन बसा, पहिल्या मिनिटाला तेच विचारतात.